नेट स्लो आहे म्हणजे नेमकं कुठं अडलंय?

आमच्याकडं शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे, सहा महिन्यांचे पैसे एकदम भरलेत, आणि तरी गेल्या पावसाळ्यात अशी वेळ आली की रात्री नऊ वाजता मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून रिटर्न भरायला लागायचे. मी सांगलीत गावभागात राहते, घरातूनच आठ-दहा दुकानदारांचं अकाउंट्सचं आणि जीएसटीचं काम बघते, म्हणजे नेट बंद पडलं की माझं दुकानच बंद. दोन महिन्यांत सात वेळा कंप्लेंट केली. दर वेळी कस्टमर केअरवरनं एकच, मॅडम राउटर बंद करून परत चालू करा, आणि दुसऱ्या दिवशी मेसेज, तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. कोणी घरी आलं नाही, कोणी फोन केला नाही, आणि तक्रार सुटली! हा संताप ज्यांनी भोगलाय त्यांनाच कळेल.

शेवटी मी स्वतः हे सगळं समजून घ्यायला बसले, जे मिळेल ते वाचलं, लाईनमन पोरांना विचारून विचारून भंडावून सोडलं, आणि एक गोष्ट पक्की कळली. नुसतं "नेट स्लो आहे" असं सांगितलं की त्यांना आपल्याला टोलवायला सोपं जातं. नेट आपल्या हातातल्या फोनपर्यंत यायला चार टप्पे असतात. फोन ते राउटर हा वायफायचा टप्पा, राउटर ते नेटवाल्याचं मशीन ही फायबर, मग नेटवाल्याकडनं बाहेरच्या जगाकडं जाणारी मोठी लिंक, आणि शेवटी ती वेबसाईट स्वतः. यातलं कुठं अडलंय ते आपल्याला घरबसल्या बऱ्यापैकी शोधता येतं, आणि ते शोधून मग तक्रार केली की समोरच्याला राउटर रिस्टार्टचं कारण देता येत नाही.

शेवटच्या टप्प्याचं आधी सांगते कारण ते लगेच संपतं. वीस तारखेला जीएसटीचं पोर्टल गोल गोल फिरत बसलं तर त्यात बिचाऱ्या नेटवाल्याचा काही दोष नाही, सगळ्या देशाचे रिटर्न त्या दिवशी चाललेले असतात. एकच साईट अडतीय आणि बाकी सगळं पळतंय, तर अडचण त्या साईटकडं आहे. सगळंच रखडतंय, तर पुढं वाचा.

अजून एक गैरसमज आधीच काढून टाकू. प्लॅनमधले शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट, आणि फाईल डाऊनलोड होताना दिसतं ते मेगाबाईट. आठ बिटांचा एक बाईट, म्हणून शंभरच्या प्लॅनवर डाऊनलोड सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबीनं होणार. एक जीबीची फाईल यायला दीड मिनिटाच्या आसपास लागलं तर तुमचं नेट एकदम ठीक आहे. माझ्या एका क्लायंटनं ह्याच्यावरनं नेटवाल्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं आणि चूक त्याची होती.

आता वायफाय. मला वाटतं निम्म्याहून जास्त घरांत खरी अडचण इथंच असते आणि शिव्या मात्र नेटवाल्याला बसतात. आमचं घर जुनं, भिंती दगड-मातीच्या, दीड-दीड हात जाड. राउटर सोप्यात टीव्हीच्या मागं ठेवलेला, कारण केबलवाल्यानं वायर तिथं सोडली होती. एकदा फोन हातात घेऊन घरभर स्पीड टेस्ट करत फिरले. सोप्यात ९०, माजघराच्या दारात ५५, आणि आतल्या खोलीत जिथं मी कामाला बसते तिथं ८. एकच घर, एकच मिनिट, एकच कनेक्शन! म्हणजे त्या ८ बद्दल मी नेटवाल्याला किती बोलले असते तरी काही उपयोग नव्हता.

घरगुती वायफायचे सहसा दोन बँड असतात, २.४ गीगाहर्ट्झ आणि ५ गीगाहर्ट्झ. पाचवाला पळतो जोरात पण भिंत लागली की दमतो, २.४ वाला लांबपर्यंत पोचतो, भिंतीतूनही थोडाफार जातो, पण मुळात हळू, आणि त्यात गर्दी फार. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. पेठेत जिथं घराला घर लागून आहे तिथं वीस-पंचवीस राउटर याच तीन चॅनेलवर बोलत असतात आणि एक बोलत असताना दुसऱ्याला गप्प बसावं लागतं. त्यात जुना साधा फोन २.४ वर असेल तर त्याचा राउटरशी कागदावरचा वेगच ७२ एमबीपीएस असतो, प्रत्यक्षात मिळतात चाळीस-पन्नास, मग तुम्ही तीनशेचा प्लॅन घ्या नाहीतर हजारचा. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये एकदा बघाच कुठल्या बँडला जोडलंय ते, बऱ्याचदा दोन्हीला एकच नाव दिलेलं असतं आणि फोन आपल्या मनानं २.४ धरून बसतो.

राउटर घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळा ठेवायचा. लोखंडी कपाटाच्या मागं, टीव्हीच्या मागं, फ्रिजवर, पाण्याच्या टाकीशेजारी नाही, कारण लोखंड सिग्नल अडवतं आणि पाणी पिऊन टाकतं. जाड भिंतींच्या घरात एक राउटर पुरतच नाही, तिथं आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून दुसरा राउटर लावणं हाच खरा इलाज. बाजारात भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचे रिपीटर मिळतात, ते पहिल्या राउटरकडनं वायफायवरच घेतात आणि वायफायवरच पुढं देतात, त्यामुळं स्वस्तातल्याचा वेग जवळजवळ निम्मा होतो, आणि तो लोक लावतात तरी कुठं, जिथं सिग्नल आधीच मेलेला आहे तिथं. मी केबल ओढली, वीस मीटर, भिंतीला एक भोक पाडायला लागलं, आईंनी म्हणजे सासूबाईंनी आधी विरोध केला पण आता त्यांची कीर्तनं पण आतल्या खोलीत न अडकता चालतात.

म्हणूनच पहिली टेस्ट करायची ती वायफाय बाजूला ठेवून. लॅपटॉपला लॅन केबल लावा, थेट राउटरला, बाकीचे फोन-टीव्ही वायफायवरनं काढा, आणि मग स्पीड टेस्ट घ्या. केबलवर पूर्ण स्पीड येतोय आणि फोनवर येत नाही, तर अडचण तुमच्या घरात आहे. केबलवरही येत नाही तर बाहेर. इथं एक गंमतीचा आकडा लक्षात ठेवा, ९४. दोनशे किंवा तीनशेचा प्लॅन आहे आणि केबलवर टेस्ट दर वेळी ९४-९५ लाच अडते, तर लाईन कमी देत नाहीये, तुमच्या राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्ट शंभरवालं आहे, नाहीतर केबलमधल्या आठ तारांपैकी एखादी तुटलीय. गीगाबिटला आठही तारा लागतात, शंभरला चारच पुरतात, म्हणून उरलेल्या चारांतली एक तार गेली की दोन्ही मशीन बऱ्याचदा मुकाट शंभरवर उतरतात आणि कुठं एरर पण दाखवत नाहीत. साठ-सत्तर रुपयांच्या केबलपायी लोक वर्षभर तीनशेचे पैसे भरून शंभर वापरतात, असं मी दोन घरांत स्वतः बघितलंय.

आणि टेस्ट कुठल्या सर्व्हरवर घेताय तेही बघा. स्पीड टेस्टचं ॲप बऱ्याचदा जवळचा म्हणून तुमच्याच नेटवाल्याचा सर्व्हर निवडतं, म्हणजे गाडी गावातल्या गावात फिरवून हायवेवरचा वेग सांगितल्यासारखं झालं. सर्व्हर बदलून मुंबईचा किंवा पुण्याचा, दुसऱ्या कंपनीचा घ्या. ट्रायचं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, मायस्पीड ॲप आहे, नेटफ्लिक्सचं फास्ट डॉट कॉम आहे, दोन-तीन ठिकाणी बघून मग बोला.

माझ्याकडं केबलवर दिवसासुद्धा कधी ८० कधी १२ असं यायला लागलं तेव्हा कळलं की हे वायफायचं नाही. मग आठव्या कंप्लेंटला मी सांगितलं, लॅनवर टेस्ट घेतलीय, पॅकेट लॉस येतोय म्हणजे डेटाचे तुकडे वाटेत हरवतायत, मला ऑप्टिकल पॉवर म्हणजे फायबरमधला प्रकाश मोजून पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी लाईनमन दारात! शब्द बदलले एवढंच.

तो पोरगा चांगला होता. राउटरची पिवळी वायर काढून पॉवर मीटरला लावली आणि मला स्क्रीन दाखवली, −२८.७. म्हणाला, "ताई, सिग्नल लई डाऊन हाय, जॉइंटमधी कायतर झालंय."

हा आकडा काय असतो ते सांगते. फायबर म्हणजे काचेची तार, आत प्रकाश जातो तो भाग फक्त ९ मायक्रॉनचा, आपल्या केसाहून कितीतरी बारीक. आपल्या घरात किती प्रकाश पोचला ते डीबीएममध्ये मोजतात. शून्य म्हणजे एक मिलिवॅट, आणि दर तीननं आकडा खाली गेला की प्रकाश निम्मा, दहानं गेला की दहावा हिस्सा. −२० म्हणजे एका मिलिवॅटचा शंभरावा भाग, आणि राउटरला तेवढा भरपूर होतो. साधारण −१५ ते −२५ असेल तर निवांत राहा, −२७ च्या आसपास घरगुती राउटरची हद्द येते. त्या हद्दीच्या अलीकडं आहे तोवर −१६ असो का −२४, स्पीडमध्ये काडीचा फरक पडत नाही, आणि हद्दीवर आलं की मात्र डेटाचे तुकडे हरवायला लागतात. तुकडा हरवला की पलीकडच्या सर्व्हरला पोच मिळत नाही, त्याला वाटतं रस्त्यात गर्दी झालीय, आणि तो आपणहून वेग निम्म्यावर आणतो. म्हणून थोडंसंच हरवलं तरी स्पीड धाडकन पडतो, व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो, आणि दहा मिनिटांनी परत सगळं बरं वाटतं. हद्दीच्या फारच खाली गेलं की राउटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लागतो, तेव्हा निदान रोग दिसतो तरी. त्याच्या आधीची ही मधली अवस्था सगळ्यात छळणारी, दिवे सगळे हिरवे आणि नेट धड नाही.

आम्ही वायर धरून निघालो. गच्चीवरनं कठड्याला घासत, शेजारच्या काकूंच्या पत्र्यावरनं, मग कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला. तिथं एक काळी डबी, तिला काळी टेप गुंडाळलेली, टेपचं टोक सुटून लोंबत होतं. शिडीवर चढून त्यानं डबी उघडली तर आतून चमचाभर पाणी सांडलं. जुना जॉइंट मशीन न वापरता नुसता क्लिपवर दाबून केलेला. त्यानं दोन्ही टोकांची साल काढली, स्पिरिटच्या कापडानं काच पुसली, छोट्या कटरवर कट्ट करून सरळ कापली, आणि दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. स्क्रीनवर दोन जाड पट्टे हळूहळू एकमेकांजवळ आले, एक बारीक ठिणगी, आणि दोन्ही काचा वितळून एक झाल्या. सगळा कार्यक्रम दहा मिनिटांचा. घरी येऊन मीटर लावला, −१९.४. म्हणजे प्रकाश आठपटीहून जास्त वाढला. त्या दहा मिनिटांसाठी मी दोन महिने घालवले होते, ह्याचं मला खरंच वाईट वाटलं.

आपल्या भागात फायबर तुटायची कारणं काही वेगळी नाहीत. रस्ता खोदताना जेसीबी लागतो, गणपतीत मांडवाचे बांबू लागतात, उंदीर कुरतडतात, आणि हंगाम चालू झाला की उसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली खाली लोंबणारी केबल घेऊनच पुढं जाते. दर वेळी नवा जॉइंट, दर जॉइंटला थोडा प्रकाश कमी. घरात आपण काय करू शकतो तर ती पिवळी वायर कॉटच्या पायाखाली चेपू द्यायची नाही, खिळ्याला गुंडाळायची नाही, आणि वेटोळं करायचंच असेल तर बांगडीपेक्षा लहान नको, जास्त वाकवली की प्रकाश काचेतून बाहेर निसटतो. आणि वायरच्या उघड्या टोकात डोळा लावून बघायचं नाही, लेझर असतो आणि तो दिसत नाही. घरात पोरं असतील तर हे आवर्जून सांगा.

जॉइंट झाला, दिवसा नेट पळायला लागलं, पण रात्रीचं रडगाणं राहिलंच. सकाळी सहाला ९४, रात्री साडेनऊला १५. काकूंकडं पण तसंच, त्यांचा नेटवाला तोच. तेव्हा हा तिसरा टप्पा, आणि खरा राग इथं यायला पाहिजे.

माझं माहेर कवठेमहांकाळकडचं. म्हैसाळ योजनेचं पाणी आमच्याकडं पाळीनं येतं, आणि वर ज्याची त्याची मोटार चालू झाली की टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटाच्या, शेतकऱ्याला काय उरतं ते मी लहानपणापासून बघितलंय. नेटचं बरंचसं असंच. नेटवाल्याच्या मशीनमधून एक फायबर निघते, तिच्यावर साधारण अडीच गीगाबिट खाली येतात आणि सव्वा गीगाबिट वर जातात, आणि मधे स्प्लिटर लावून तीच ३२ नाहीतर ६४ घरांत वाटली जाते. खाली येणारा डेटा सगळ्यांच्याच घरात पोचतो, तुमचा राउटर त्यातला फक्त तुमचा उचलतो. वर पाठवताना मात्र चक्क पाळी असते, प्रत्येक घराला मशीन वेळ नेमून देतं. पाटासारखं इथं लांबच्याला कमी असं नसतं, ते एक बरं. आणि ६४ घरं एकाच वेळी एचडी पिक्चर बघत बसली तरी घरामागं ५ एमबीपीएस धरून सव्वातीनशेच्या आसपास होतात, अडीच गीगाबिटमध्ये त्याचं काहीच नाही. म्हणजे आपल्या गल्लीची फायबर शक्यतो तुंबत नाही.

तुंबते ती वरची लिंक, जी नेटवाला महिन्याला पैसे मोजून मोठ्या कंपनीकडनं घेतो. समजा त्याच्याकडं हजार गिऱ्हाईकं आहेत, सगळी शंभरची. सगळ्यांनी एकदम पूर्ण वापरलं तर शंभर गीगाबिट लागतील, तेवढं कोणीच घेत नाही आणि घ्यायची गरजही नाही, कारण एका वेळी प्रत्येक जण काही शंभर वापरत नसतो. तो समजा तीन गीगाबिट घेतो आणि भागतं. हे वाटून घेणं चुकीचं नाही, तसं नसतं तर पाच-सहाशे रुपयांत कोणाला फायबर मिळालीच नसती. चूक पुढं होते. नवीन कॉलनी झाली, पाचशे गिऱ्हाईकं वाढली, आणि लिंक तीनच गीगाबिट ठेवली. मग रात्री आठ ते अकरा, त्यात आयपीएल असेल तर विचारूच नका, सगळ्यांचं पाणी टेलला पोचायच्या आत संपतं. याची खूण म्हणजे यूट्यूब बरं चालतं आणि बाकी साईट रखडतात, कारण यूट्यूबसारख्यांचा साठा बऱ्याचदा नेटवाल्याच्या जवळच ठेवलेला असतो, तो त्या तुंबलेल्या लिंकवरनं येतच नाही. आणि त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर टेस्ट घेतली तर रात्री पण ९४! म्हणून तर कस्टमर केअरवाला छातीठोकपणे सांगतो की आमच्याकडनं स्पीड पूर्ण आहे.

स्पीड पूर्ण आहे आणि तरी कॉल अडकतो, असंही होतं, तिथं पिंग बघायचा. पिंग म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, सांगलीहून मुंबई चारशेच्या आसपास धरली तर जाऊन-येऊन चार मिलिसेकंद, मधली मशीनं आणि फिरून जाणारा रस्ता धरून १५-२० ठीक आहे. २००-३०० दिसत असेल तर निरोप कुठंतरी रांगेत उभा आहे. आणि ती रांग कधी कधी आपल्याच घरात लागते. फोनमधले लग्नाचे सगळे फोटो बॅकअपला गेले की अपलोड पूर्ण भरतं, आणि प्रत्येक डाऊनलोडची पोच अपलोडवरनंच जाते, त्यामुळं दोन्ही बसतात. आमच्या पोराचा फोन रात्री नऊलाच बॅकअप घ्यायचा, ती वेळ मी पहाटेची केली. प्लॅनची एफयूपी म्हणजे डेटा वापराची मर्यादा पण एकदा बघून ठेवा, अनलिमिटेड लिहिलेलं असतं पण ३३०० जीबी किंवा जी काय मर्यादा असेल ती ओलांडली की महिनाअखेरपर्यंत गाडी दोन-चार एमबीपीएसवर येते.

आता तक्रार. मी एक वही केली. तारीख, वेळ, लॅनवर का वायफायवर, कुठला सर्व्हर, डाऊनलोड, अपलोड, पिंग. दिवसातनं तीनदा, दहा दिवस. मग मेलवर लिहिलं, फोनवर नाही, की रोज रात्री ९ ते ११ लॅन केबलवर मुंबईच्या सर्व्हरला स्पीड १२ ते २० येतो, सकाळी ९४ येतो, ऑप्टिकल पॉवर −१९.४ आहे, शेजारच्या कनेक्शनलाही हेच आहे, म्हणजे अडचण तुमच्या वरच्या लिंकवर आहे, कधी वाढवणार ते लेखी कळवा. सोबत स्क्रीनशॉट. तक्रारीचा डॉकेट नंबर प्रत्येक वेळी मागून घ्यायचा, तो द्यायलाच लागतो.

न सुटता तक्रार बंद केली तर तिथं थांबायचं नाही. ट्रायच्या २०१२ च्या नियमाप्रमाणं कंपनीत अपिलाची सोय असते, तीस दिवसांच्या आत अपील करायचं, त्याला फी नाही, आणि त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यायला लागतो. ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. ग्राहक आयोगाकडं पण जाता येतं, टेलिकॉमच्या तक्रारी तिथं चालत नाहीत असं कंपन्या म्हणायच्या, २०२२ साली सुप्रीम कोर्टानं चालतात म्हणून स्पष्ट सांगितलं. मात्र कायद्याच्या व्याख्येवर फार भिस्त ठेवू नका, सरकारच्या लेखी ब्रॉडबँड म्हणजे आधी किमान ५१२ केबीपीएस होतं, २०२३ पासून २ एमबीपीएस झालंय, आणि प्लॅनवर "अप टू" लिहिलेलं असतं. मला हे फार खटकतं. दूधवाल्यानं "एक लिटरपर्यंत" म्हणून पाव लिटर घातलं तर आपण चालवून घेऊ का? आपली बाजू मजबूत होते ती वहीतल्या नोंदींनी.

नेटवाला बदलायचा असेल तर सहा महिन्यांचे पैसे एकदम भरू नका, पहिले एक महिना घ्या आणि रात्री साडेनऊला टेस्ट करा. त्याच गल्लीतल्या दोन घरांत आधी विचारा. जुना राउटर परत देताना पोच घ्या, नाहीतर डिपॉझिटला हेलपाटे.

मी बदलला नाही अजून. अपिलाच्या मेलनंतर चौथ्या दिवशी त्यांच्या भागाच्या मॅनेजरचा फोन आला, म्हणाले ताई लोड वाढलाय खरा, लिंक वाढवतोय, आणि प्लॅनची मुदत वीस दिवस वाढवून दिली. तीन आठवडे झाले. काल रात्री ९.३५ ला ७१, परवा ६८, शनिवारी मॅच होती तेव्हा ४४. तो ४४ पण लिहून ठेवलाय, सोमवारी परत मेल करणार आहे.